प्रियदर्शिनीचं पाणी

एप्रिल २०२४ मध्ये टपाल खात्यानं अंटार्क्टिकावरच्या ‘भारती’ या भारतीय संशोधन केंद्रात टपालघर उघडलं आणि त्याला प्रायोगिक पिनकोड दिला, एमएच-१७१८. त्याआधी १९८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्रात आणि पुढे ‘मैत्री’ केंद्रात टपालघरं सुरू झाली होती. तिथल्या टपालाचा कारभार गोव्याकडे आणि गोवा टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात. म्हणजे कागदोपत्री तरी पृथ्वीच्या दक्षिण टोकाचे हे दोन-तीन पत्ते आपल्या हद्दीतले. त्यांतल्या ‘मैत्री’च्या दाराशी एक लहानसं तळं आहे. नाव प्रियदर्शिनी. पस्तीसहून अधिक वर्षं भारतीय माणसं तिथं राहत आली आहेत, ती या तळ्याच्या पाण्यावर.

हिमनदीच्या पाण्यातून झालेलं सरोवर म्हटलं की आपल्याला आधी संकट आठवतं. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर चोराबारी ताल फुटला आणि मंदिरामागून पाणी-दगडांचा लोट खाली आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. हिमालयातली ही सरोवरं तीव्र उतारावर, सैल दगडमातीच्या बांधामागे अडलेली असतात, म्हणून ती घातक ठरतात. प्रियदर्शिनीचा स्वभाव वेगळा. ते घट्ट खडकाच्या उथळ खोलगटात बसलेलं, सहा-साडेसहा मीटर खोलीचं शांत पाणी आहे. त्याच्यापासून माणसाला धोका नाही. माणसापासून त्याला असू शकतो, आणि मला त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं ते यासाठीच.

हे तळं ज्या भूभागात आहे त्याला शिरमाखर ओअ‍ॅसिस म्हणतात. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतल्या रिचर्डहाइनरिख शिरमाखर या वैमानिकाला तो विमानातून दिसला, म्हणून त्याचं नाव. पूर्व-पश्चिम सतरा-अठरा किलोमीटर लांब, रुंदी फार तर तीनेक किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला अंटार्क्टिकाची अजस्र हिमचादर, उत्तरेला समुद्रावर तरंगणारी जाड बर्फाची फळी, आणि या दोन पांढऱ्या पसाऱ्यांच्या मधोमध उघड्या तपकिरी खडकाची ही चिंचोळी पट्टी. उघडा समुद्र उत्तरेला ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर. नकाशावर हे बेट नाही. पण पाण्याऐवजी चारी बाजूंनी बर्फ आहे इतकंच. राहणाऱ्याच्या दृष्टीनं ते बेटच.

सगळीकडे बर्फ असताना एवढाच तुकडा उघडा कसा राहिला? दक्षिणेकडून सरकत येणारा बर्फ इथल्या टेकड्यांना अडतो आणि बाजूंनी वळून जातो. हिमपठारावरून उताराच्या दिशेनं घोंघावत येणारे कोरडे वारे इथं पडलेलं हिम टिकू देत नाहीत. बरंचसं उडून जातं, काही पाणी न होताच वाफ होऊन जातं. आणि एकदा काळसर खडक उघडा पडला, की उन्हाळ्यात चोवीस तास असलेलं ऊन तो शोषून घेतो आणि आजूबाजूचा बर्फ आणखी वितळवतो. उघडेपणच उघडेपण टिकवतं.

पूर्वी हा सगळा भाग बर्फाखाली होता. सरकत्या बर्फानं तळाचा खडक घासला, कुरतडला, जागोजागी खळगे केले. बर्फ मागे हटला तेव्हा खळगे उरले आणि त्यांत वितळलेलं पाणी साठलं. अशी शंभराहून अधिक लहानमोठी तळी या पट्ट्यात आहेत. त्यांचे ढोबळ तीन प्रकार पडतात. दक्षिणेला हिमचादरीच्या पायथ्याशी असलेली तळी. त्यांना बर्फाच्या कडेचं पाणी थेट मिळतं. मधल्या भागातली, चहूबाजूंनी खडकानं वेढलेली तळी. प्रियदर्शिनी त्यांतलं, आणि त्याचं रशियन नकाशांतलं नाव झूब. तिसरा प्रकार सगळ्यांत विलक्षण. उत्तरेच्या कडेला, जिथं खडक संपतो आणि तरंगती हिमफळी सुरू होते, तिथली तळी वरून गोड्या पाण्याची दिसतात, पण त्यांचा फळीखालच्या समुद्राशी संबंध असतो. गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, खारं जड म्हणून खाली. समुद्र डोळ्यांना कुठेच दिसत नाही, तरी त्या तळ्यांची पातळी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. खडक आणि बर्फाच्या मधल्या त्या पाण्यात दूरच्या समुद्राची हालचाल मोजता येते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नकाशा घेऊन बसलो होतो.

प्रियदर्शिनीचं वर्ष आपल्या वर्षाच्या उलट चालतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळत नाही. आसपासचं हिम आणि दक्षिणेकडचा बर्फ वितळून लहान ओहोळ तळ्याकडे येतात, वरचा बर्फ फुटतो आणि काही आठवडे उघडं, निळं पाणी दिसतं. वारा ते तळापर्यंत ढवळून काढतो. फेब्रुवारीनंतर पुन्हा कडेपासून गोठायला सुरुवात होते. मेअखेरपासून जवळजवळ दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही, पारा उणे तीसच्या आसपास उतरतो, आणि तळ्यावर दीड-दोन मीटर जाडीचा बर्फ धरतो.

तरी तळं तळापर्यंत गोठत नाही. याचं कारण पाण्याच्या एका गुणात आहे. बहुतेक द्रव पदार्थ थंड होताना आकसतात आणि गोठले की खाली बसतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक जड असतं. त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं होऊ लागतं आणि बर्फ झालं की तरंगतं. त्यामुळे थंडी वरून खाली उतरते आणि वर धरलेला बर्फच गोधडीसारखा खालच्या पाण्याचं रक्षण करतो. बर्फ जितका जाड, तितकी पुढची उष्णता बाहेर पडायला अवघड. बाहेर उणे तीस असताना त्या बर्फाखाली शून्याच्या किंचित वरचं द्रव पाणी टिकतं, ते यामुळे.

आणि त्या पाण्यात जीवन आहे. मासे नाहीत, पाणवनस्पतीही नाहीत. तळाशी मात्र नील-हरित शैवालांची, म्हणजे सायनोबॅक्टेरियांची, मऊ, थरांची साय पसरलेली असते. ऊन असतं तेव्हा ती प्रकाशावर अन्न तयार करते, अंधारात जवळजवळ थांबते, पुन्हा ऊन आलं की चालू होते. काठालगतच्या अगदी उथळ पाण्यात प्रखर ऊन आणि अतिनील किरण सोसावे लागतात, तिथली शैवालं अंगावर गडद रंगद्रव्यं चढवतात. या सायीत सूक्ष्म प्राणी राहतात. रोटिफर असतात, आणि ज्यांना जलअस्वल म्हणतात ते टार्डिग्रेडही. ते सुकून, गोठून पडले तरी अनुकूल वेळ येताच पुन्हा हालचाल करू लागतात. या प्राण्यांवर जगणारा मोठा प्राणी तळ्यात नाही. अन्नसाखळी इतकी आखूड आहे, की तिच्यातली एखादी कडी बिघडली तर तिची जागा घ्यायला दुसरी कोणी नाही.

तळाचा चिखल हा संशोधकांचा खरा खजिना. इथं गाळ फार हळू साचतो. हातभर लांबीच्या गाळाच्या स्तंभातही हजारो वर्षं मावतात. शिरमाखरमधल्या सँडी लेक या तळ्यातून काढलेल्या गाळाच्या चुंबकीय गुणधर्मांवरून भारतीय संशोधकांनी गेल्या सुमारे ४० हजार वर्षांतल्या हवामानाचा माग काढला आहे. त्यामागची कल्पना समजायला सोपी आहे. कडाक्याच्या थंडीच्या काळात तळ्यात प्रामुख्यानं खडकाचा चुरा येतो आणि त्यात लोहयुक्त चुंबकीय कण असतात. हवामान उबदार झालं की तळं अधिक काळ उघडं राहतं, शैवालं वाढतात आणि सेंद्रिय भाग वाढून त्या कणांचं प्रमाण पातळ होतं. थरागणिक हे मोजत गेलं की थंडी-उबेचा आलेख मिळतो. या संशोधनाचं देशातलं केंद्र गोव्यात आहे. वास्कोच्या हेडलँड सड्यावर १९९८ पासून काम करणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, जे २०१८ पर्यंत अंटार्क्टिकाच्या नावानं ओळखलं जात होतं.

भारताची या खंडाशी ओळखही गोव्यातूनच सुरू झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचं जहाज डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांना घेऊन गोव्याहून निघालं आणि ९ जानेवारी १९८२ रोजी मोहिमेनं अंटार्क्टिकावर पाय ठेवला. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, दोन महिला होत्या. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या अदिती पंत. त्या औंध संस्थानच्या अप्पासाहेब पंतांच्या कन्या; जन्म नागपूरचा, पदवीचं शिक्षण पुणे विद्यापीठात, आणि नोकरी आधी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक मराठी, ही गोष्ट आपल्या शाळांत जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

त्याच तिसऱ्या मोहिमेनं ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं केंद्र उभं केलं, तेही थेट बर्फाच्या फळीवर. काही वर्षांतच ते हिमाखाली गाडलं गेलं आणि १९९० मध्ये राहण्यासाठी म्हणून सोडून द्यावं लागलं. दुसरं केंद्र मग खडकावर बांधायचं ठरलं. खडकावर जागा शोधताना पाणी जवळ असणं ही मोठी सोय होती, आणि ‘मैत्री’ प्रियदर्शिनीच्या काठी उभी राहिली. १९८९ मध्ये ती तयार झाली. लोखंडी पायांवर जमिनीपासून उचललेली ही वास्तू. वारा आणि हिम खालून निघून जावं अशी. तिच्या बांधणीच्या कामात पुण्याजवळच्या दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या अभियंत्यांचा हात होता. ती दिघी आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीपासून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा ‘मैत्री’त आहे. हवामान खात्यानं ओझोन मोजायला फुग्यांबरोबर सोडलेली उपकरणंही पुण्यात घडलेली.

हिवाळ्यात ‘मैत्री’त साधारण पंचवीस माणसं राहतात, उन्हाळ्यात त्याहून बरीच जास्त. स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे, सगळं या तळ्याच्या पाण्यावर. हे पाणी केंद्रापर्यंत आणणं हेच तिथलं रोजचं अवघड काम. पंप बर्फाखालच्या द्रव पाण्यात लागतो. नळ उष्णतारोधक आवरणात गुंडाळून आतून विजेनं तापता ठेवावा लागतो. वीज डिझेल जनित्रांतून येते. जनित्र थांबलं तर दिवे जातात आणि थोड्याच वेळात नळातलं पाणी गोठून नळच फुटू शकतो. म्हणजे तिथं पाणीपुरवठा, वीजपुरवठा आणि इंधनाचा साठा या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. गळती कुठं झाली तर ती अंधारात, वाऱ्यात, जाड हातमोजे घालून दुरुस्त करायची, आणि सुटा भाग संपला तर पुढचं जहाज येईपर्यंत जे हाताशी आहे त्यातूनच भागवायचं.

पाणी आणण्याइतकाच मोठा प्रश्न वापरलेल्या पाण्याचा. १९९१ मध्ये माद्रिदला झालेला आणि १९९८ पासून लागू असलेला अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणाचा करार याबाबत निःसंदिग्ध आहे. बर्फ नसलेल्या जमिनीवर किंवा गोड्या पाण्याच्या कुठल्याही साठ्यात कचरा किंवा सांडपाणी सोडायचं नाही. प्लास्टिक, बॅटऱ्या, इंधनाची पिंपं वापरणाऱ्यानंच खंडाबाहेर परत न्यायची. निर्जंतुक न केलेली माती आणायची नाही. कुत्री १ एप्रिल १९९४ पर्यंत हलवायची, कारण त्यांच्यामुळे तिथल्या प्राण्यांत रोग पसरण्याची भीती होती. वापरून संपलेलं केंद्र उभारणाऱ्यानंच स्वच्छ करून द्यायचं. भारतानं २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिका कायदा केला, आणि या गोष्टी आपल्या नागरिकांवर देशी कायद्यानंही बंधनकारक झाल्या. ‘मैत्री’पासून काही किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया केंद्र १९६१ पासून चालू आहे, नियम दोघांनाही तेच.

इतके कडक नियम का, याचं उत्तर तळ्याच्या भूगोलातच आहे. प्रियदर्शिनीला खालचं गाव नाही. तिथं जे पाणी पितात आणि जे पाणी घाण करू शकतात ती पंचवीस माणसं एकच आहेत. आज काठावर सांडलेलं डिझेल उद्या त्यांच्याच पिण्याच्या पाण्यात येणार. आणि एकदा तळ्यात गेलं की ते वाहून जाणार नाही. थंडीत ते फार हळू विघटन पावतं, आणि उरलेलं त्या चिखलात बसतं. हजारो वर्षांचा हिशेब ठेवणाऱ्या चिखलात आपली तीस-पस्तीस वर्षंही नोंदली जात आहेत.

हे वाचताना चिखलीत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर इंद्रायणी येणारच. मावळातल्या आंद्रा धरणातून सोडलेलं पाणी इंद्रायणीतून वाहत येतं, निघोजेच्या बंधाऱ्यावर उचललं जातं, आणि आमच्या चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रात स्वच्छ होऊन शहराच्या नळांना जातं. म्हणजे आम्हीही इंद्रायणीचंच पाणी पितो. पण आम्ही ते वरून उचलतो आणि आमचं सांडपाणी, इथल्या छोट्या कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी, खाली सोडतो. खाली आळंदी आहे. माउलींच्या दर्शनाआधी वारकरी जिथं स्नान करतात, तिथं नदीवर पांढरा फेस दिसतो आणि त्याची छायाचित्रं वर्षानुवर्षं छापून येतात. मे २०२५ मध्ये चिखलीत नदीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले न्यायालयीन आदेशानं पाडले गेले. नदीचा काठ किती सहजपणे गृहीत धरला जातो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या बंगल्यांत घातली त्यांचं दुःख खरं आहे, आणि नदीचा हक्कही खराच आहे.

नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी मिळतं. या टंचाईवर आपण बोलतो ते धरणाच्या टक्क्यांत. पवना किती भरलं, आंद्रातून किती मिळणार. शेजारून वाहणारी नदी घाण असल्यामुळे किती पाणी आपण गमावून बसलो, हा आकडा त्या चर्चेत येतच नाही. प्रियदर्शिनीच्या काठी असा विचार करायची मुभा नाही. तिथं पाणी किती आहे आणि पाणी कसं आहे हे एकाच वहीत लिहावं लागतं.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही अशीच एक जागा आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, स्पिट्सबर्गन बेटावर, न्यू-ओलेसुंद नावाची वस्ती आहे. १ जुलै २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथं आहे. मूळची ती कोळशाच्या खाणीची वसाहत. नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण बंद पडली. आता तिथं अनेक देशांचे संशोधक राहतात, हिवाळ्यात तीस-चाळीस माणसं आणि उन्हाळ्यात शंभराहून जास्त. त्या सगळ्यांचं पिण्याचं पाणी येतं त्विलिंगवाटनेट या जोडतळ्यातून. खाण चालवणाऱ्यांनी जे पाणी अडवलं, तेच आज संशोधक पितात. साऱ्या वस्तीला एकच तळं, म्हणून त्याची काळजी घेणं सगळ्या देशांना भाग आहे. इकडे अंटार्क्टिकावर ‘भारती’ केंद्र २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा आपण आणखी पुढचं पाऊल टाकलं. ते ज्या लार्समन टेकड्यांमध्ये आहे तिथंही दीडशेच्या आसपास तळी आहेत, पण ‘भारती’त समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. त्याला वीज जास्त लागते, पण तिथल्या तळ्यांवर माणसाचा भार पडत नाही. मला हा निर्णय मोलाचा वाटतो.

आता ‘मैत्री’ही म्हातारी झाली आहे. मे २०२४ मध्ये कोचीला अंटार्क्टिका कराराची ४६ वी सल्लागार बैठक झाली, तिथं भारतानं ‘मैत्री-२’ उभारण्याची योजना अधिकृतपणे मांडली. नव्या केंद्रासाठी आधी पर्यावरणावरच्या परिणामांचा सविस्तर अहवाल करारातल्या देशांपुढे ठेवावा लागतो. त्यात नवं केंद्र पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठं जाणार, जुनी वास्तू कशी हलवणार आणि प्रियदर्शिनीच्या काठाचं काय होणार, हे सगळं लिहून द्यावं लागेल. जुन्या केंद्राखालच्या जमिनीची आणि तळ्याच्या पाण्याची तपासणी बांधकामाआधीच होऊन तिचे आकडे सर्वांना पाहायला मिळावेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि या कामाला फक्त शास्त्रज्ञ पुरत नाहीत. गोव्याचं केंद्र दर मोहिमेसाठी जाहिरात काढतं, तिच्यात जनित्र दुरुस्त करणारे, वाहन मेकॅनिक, वेल्डर, सुतार, बॉयलर चालवणारे, क्रेन आणि खोदयंत्राचे चालक, परिचारक, स्वयंपाकी यांच्या जागा असतात. निवड झाली की वैद्यकीय तपासणी, मग उत्तराखंडात औलीला हिमातलं प्रशिक्षण, आणि केपटाउनहून विमानानं बर्फावरच्या धावपट्टीवर. बारा-चौदा महिने घरापासून दूर राहावं लागतं आणि मधे परत यायची सोय नसते. तळ्याचा नळ उणे तीसमध्ये चालू ठेवणारे आणि सांडपाण्याचं यंत्र बंद पडू न देणारे हेच हात असतात. चाकण, तळवडे, कुदळवाडी, भोसरीच्या वर्कशॉपांत आयटीआय करून पाच-दहा वर्षं हात मुरलेली अशी किती तरी मुलं-माणसं आहेत. त्यांतल्या अनेकांना ही जाहिरात निघते हेच माहीत नसतं. ती गोव्याच्या केंद्राच्या संकेतस्थळावर असते. आपल्या आयटीआयच्या सूचनाफलकावरही ती दर वर्षी लागायला हवी.